‘मेल आलाच नाही की ओ’: सामायिक खात्यातून मेल वारंवार का हरवतो आणि त्यावर अॅप कसे निवडावे

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या मशीन शॉपमध्ये पत्रव्यवहार आणि हिशेब मी पाहते. कंपनीचे एकच मेल खाते आम्ही सगळे एकाच पासवर्डने वापरत होतो, आणि गेली चार वर्षे एकच तक्रार दर दीड-दोन महिन्यांनी नव्याने माझ्या टेबलावर येत असे. शिरोलीचे किंवा पुण्याचे गिऱ्हाईक फोनवर सांगे की सुधारित ड्रॉइंग मंगळवारीच पाठवले आहे, आणि आमच्याकडचा प्रत्येक जण तितक्याच खात्रीने म्हणे, “मेल आलाच नाही की ओ.” शोधाशोध केली की तो मेल कधी एखाद्याच्या मोबाइलवर वाचलेल्या अवस्थेत सापडे, कधी फक्त डिस्पॅचच्या संगणकावर असे आणि इतर कोणालाच दिसत नसे, तर कधी सकाळी आलेला मेल फोनने संध्याकाळी दाखवलेला असे. गेल्या पावसाळ्यात हाउसिंगचे चाळीस नग जुन्या ड्रॉइंगप्रमाणे बोअर होऊन बसले, तेव्हा मालकांनी एका वाक्यात निकाल दिला: हे अॅप भिकार आहे, दुसरे घाला.

अॅप आम्ही त्याआधी दोनदा बदलले होते. आधी विंडोजबरोबर येणारे ‘मेल’ अॅप होते, जे मायक्रोसॉफ्टने २०२४ च्या अखेरीस बंद केले. त्यानंतर काहींनी नवे आउटलुक घेतले आणि काहींनी थंडरबर्ड. प्रत्येक बदलानंतर चार-सहा आठवडे सगळे सुरळीत चालले, आणि त्यामुळेच आमची फसगत झाली; नवे अॅप घातले की प्रत्येक जण काही दिवस डोळ्यांत तेल घालून इनबॉक्स पाहतो, आणि सवय झाली की मूळ दुखणे पुन्हा वर येते. या दोन्ही बदलांत एका संगणकाला मात्र कोणी हात लावला नव्हता. डिस्पॅच पाहणाऱ्या काकांच्या टेबलावर जुने आउटलुक होते, त्यात आठ वर्षांचे मेल होते आणि काकांचे म्हणणे असे की चालते आहे ते चालू द्या.

या वेळी नवे अॅप घालण्याआधी मी एक साधी चाचणी केली. माझ्या घरच्या खात्यावरून कंपनीच्या पत्त्यावर रोज सकाळी एक मेल पाठवायचा, विषयात फक्त त्या दिवसाची तारीख लिहायची, आणि संध्याकाळी होस्टिंगवाल्याच्या वेबमेलमध्ये, म्हणजे थेट सर्व्हरवर, किती मेल शिल्लक आहेत ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर टिपून ठेवायचे. पहिले दोन आठवडे आकडा रोज एकाने वाढत गेला. पंधराव्या दिवशी पहिला मेल गायब झाला, सोळाव्या दिवशी दुसरा, आणि त्यानंतर शिल्लक आकडा चौदावर खिळून राहिला. माणसाच्या विसरभोळेपणाला इतकी शिस्त नसते, त्यामुळे हे माणूस नव्हे, एखादे सेटिंग करत आहे हे तेव्हाच स्पष्ट झाले.

काकांचे आउटलुक कंपनीच्या खात्याला पॉप पद्धतीने जोडलेले होते. पॉप आणि आयमॅप हे दोन शब्द खाते जोडताना एका क्षणासाठी समोर येतात आणि आपण काहीतरी निवडून पुढे जातो. परंतु सामायिक खात्याचे बरेचसे भवितव्य तिथेच ठरते. पॉप ही पद्धत मेल सर्व्हरवरून एका यंत्रावर उतरवून घेण्यासाठी आहे. उतरवलेला मेल त्यानंतर त्या यंत्राचा होतो. आयमॅपची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला मांडली, आणि तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो, अॅप केवळ त्याकडे उघडणारी खिडकी असते. जुन्या आउटलुकमध्ये पॉप खाते जोडले की ‘मेलची प्रत सर्व्हरवर ठेवा’ हा पर्याय चालू असतो, पण त्याच्या खाली ‘१४ दिवसांनंतर सर्व्हरवरून काढून टाका’ ही दुसरी खूणही केलेली असते, आणि ती कोणी वाचत नाही. म्हणजे आम्ही चौघे फोनवर आणि संगणकावर जे मेल पाहत होतो, ते काकांचे यंत्र चौदा दिवसांनी शांतपणे सर्व्हरवरून उचलून नेत होते. पंधरवड्यापेक्षा जुनी परचेस ऑर्डर फक्त काकांकडेच का सापडे, याचे उत्तर तेच.

आपल्याकडे हाच प्रकार आहे का हे पाहायचे असेल, तर त्या खात्याशी जोडलेल्या प्रत्येक यंत्रावर, बंद पडून कोपऱ्यात ठेवलेल्या लॅपटॉपसकट, खात्याच्या सेटिंगमधील येणाऱ्या मेलचा पोर्ट क्रमांक पाहावा. ९९५ किंवा ११० असेल तर पॉप, ९९३ किंवा १४३ असेल तर आयमॅप. खाते जीमेलचे असेल तर आणखी एक जागा तपासावी लागते, कारण पॉपने उचललेल्या मेलचे पुढे काय करायचे हे जीमेलच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, ‘फॉरवर्डिंग आणि पॉप, आयमॅप’ या पानावर ठरते. तिथे ‘प्रत इनबॉक्समध्ये ठेवा’ असे असावे, आणि पॉपची गरजच नसेल तर ते सरळ बंद करावे. एक सूचना मात्र कळकळीची आहे: पॉपचे जुने खाते अॅपमधून घाईने काढून टाकू नये, कारण त्या यंत्रावरच्या फाइलमधील मेल दुसरीकडे कोठेही नसतात. आधी फक्त त्याचे आपोआप मेल आणणे थांबवावे.

पॉप थांबवल्यावर मेल गायब होणे बंद झाले आणि मला वाटले की विषय संपला. तीन आठवड्यांनी पुन्हा एका गिऱ्हाइकाचा फोन आला. या वेळी मेल सर्व्हरवर जागच्या जागी होता, पण ठळक अक्षरांत नव्हता. आमच्या शिकाऊ मुलाने बसमध्ये बसल्या बसल्या तो फोनवर उघडला होता. विचारले तेव्हा तो अगदी निरागसपणे म्हणाला, “ताई, मी उघडून बघितला होता की. मला वाटलं तुम्ही बघितला असेल.” त्याला बोलण्यात अर्थ नव्हता, कारण दोष रचनेत होता. आयमॅपमध्ये प्रत्येक मेलला ‘वाचला’ अशी एकच खूण असते, आणि ती खूण खात्याची असते, माणसाची नसते. सर्व्हरच्या दृष्टीने त्या पासवर्डने आत येणारे चौघेही एकच व्यक्ती आहेत. त्यांच्यापैकी कोणीही मेल उघडला की तो सर्वांसाठी वाचला गेला. बहुतेक जण ठळक अक्षरांवरच विसंबून काम करतात, त्यामुळे पहिल्याने सहज उघडलेला मेल उरलेल्या तिघांच्या नजरेतून उतरतो. दोन जणांनी एकाच चौकशीला दोन वेगवेगळे दर कळवण्याचा प्रकारही याच कारणाने घडतो, आणि तो आमच्याकडे घडलेला आहे.

एकच पासवर्ड चौघांनी वापरण्याचे बाकीचे तोटेही हळूहळू लक्षात येत गेले. पडताळणीचा ओटीपी मालकांच्या फोनवर येई आणि ते गोव्याला गेले असले की आम्ही सगळे दाराबाहेर. कोणी काम सोडून गेला की पासवर्ड बदलायचा, मग आणखी दोन दिवस प्रत्येकाचे अॅप पासवर्ड विचारत राहणार. मोफत जीमेलवर जुने आउटलुक चालवणाऱ्यांना हा त्रास आणखी होतो: गूगलने साधा पासवर्ड देऊन बाहेरच्या अॅपने आत येण्याची सोय मे २०२२ अखेरपासून वैयक्तिक खात्यांसाठी बंद केली, त्यामुळे अशा जुन्या अॅपला दुहेरी पडताळणी चालू करून मिळणारा १६ अक्षरांचा वेगळा ‘अॅप पासवर्ड’ द्यावा लागतो, आणि मुख्य पासवर्ड बदलला की तोही रद्द होतो. दर काही महिन्यांनी अॅप पासवर्ड मागते आणि बरोबर दिला तरी घेत नाही, या तक्रारीमागे बहुधा हेच असते.

अॅपची निवड मी इथपर्यंत आल्यावर हातात घेतली, आणि ती आधी घेतली असती तर तिसऱ्यांदा चुकले असते असे आज वाटते. सामायिक पत्त्यासाठी अॅपला विचारायचा पहिला प्रश्न असा की, चौघांना चार वेगवेगळ्या नावांनी एकाच मेलबॉक्समध्ये येता येते का. रंगसंगती, स्वाइप, मेल नंतर दाखवण्याची सोय हे सगळे त्यानंतर.

निपाणीत माझ्या मामेभावाचे शेती-अवजारांचे दुकान आहे आणि त्याचा पत्ता साधा मोफत जीमेलचा आहे. त्याच्यासाठी उत्तर फुकटात निघाले. जीमेलमध्ये ‘खाती’ या पानावर दुसऱ्या व्यक्तीला आपल्या खात्यात प्रतिनिधी म्हणून प्रवेश देता येतो, आणि वैयक्तिक खात्याला असे १० प्रतिनिधी नेमता येतात. प्रतिनिधी स्वतःच्या खात्याने, स्वतःच्या पासवर्डने आत येतो, दुकानाच्या नावाने मेल वाचतो आणि पाठवतो, पण त्याला दुकानाचा पासवर्ड बदलता येत नाही. हे संगणकाच्या ब्राउझरमधूनच लावावे लागते. निमंत्रणाचा मेल आठवड्याच्या आत स्वीकारावा लागतो आणि प्रवेश प्रत्यक्षात चालू व्हायला एखादा दिवस जाऊ शकतो, म्हणून तासाभरात झाले नाही तर बिघाड शोधत बसू नये. त्याच जागी एक लहानसा पर्याय आहे, जो मला या सगळ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचा वाटतो: दुसऱ्याने मेल उघडल्यास तो वाचलेला धरावा की न वाचलेलाच ठेवावा. तिथे ‘न वाचलेलाच ठेवा’ निवडले की शिकाऊ मुलाने बसमधून कितीही मेल उघडले तरी ठळक अक्षरे जागेवर राहतात.

आमचा पत्ता कंपनीच्या स्वतःच्या डोमेनचा, म्हणून आम्ही गूगल वर्कस्पेस, म्हणजे गूगलची संस्थांसाठीची सशुल्क सेवा, घेतली. तिथेही प्रतिनिधित्वाची हीच सोय आहे, परंतु प्रतिनिधी त्याच संस्थेतील खातेदार असावा लागतो, म्हणजे माणशी पैसे मोजावे लागतात. यावर मालकांनी अपेक्षित प्रश्न विचारला: “पाच कशाला, एकच घेऊ की, सगळे त्यातच बघतील.” चाळीस हाउसिंगचा हिशेब माझ्याकडे कागदावर तयार होता, तो पुढे ठेवला आणि चर्चा तिथेच आटोपली. मायक्रोसॉफ्ट ३६५ कडे जाणाऱ्यांसाठी ‘शेअर्ड मेलबॉक्स’ आहे. ५० जीबीपर्यंत त्या मेलबॉक्सला वेगळा परवाना लागत नाही, पण तो उघडणाऱ्या प्रत्येकाकडे स्वतःचा परवाना असावा लागतो. दोन्हींत मला फार डावे-उजवे वाटले नाही. कोटेशन एक्सेलमध्ये आणि पत्रे वर्डमध्ये ज्यांची चालतात त्यांनी दुसरे घ्यावे. आमच्याकडे बहुतेकांच्या हातात अँड्रॉइड फोन आणि अंगवळणी जीमेल होते, म्हणून पहिले.

‘वाचला’ या खुणेचा प्रश्न सुटला तरी मेल कोणाचा हा प्रश्न अॅप सोडवत नाही. आम्ही प्रत्येकाच्या कामाच्या नावाने लेबल केले: कोटेशन, डिस्पॅच, क्वालिटी, हिशेब. सामायिक इनबॉक्समधील मेल कोणीही उघडावा, पण तो ज्याच्या कामाचा आहे त्यानेच लेबल लावून तो वाचलेला करावा आणि संग्रहात टाकावा. इनबॉक्समध्ये दिसतो आहे तोवर तो कोणीही घेतलेला नाही असे समजावे. ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती असेल तर तिचा क्रमांक जॉब कार्डवर पेनाने लिहिल्याशिवाय लेबल लावायचे नाही, ही अट काकांनी स्वतःहून घातली.

सामायिक खाते आम्ही फोनवर ठेवलेच नाही. फोनवर प्रत्येकाचे फक्त स्वतःचे खाते, आणि सामायिक इनबॉक्स टेबलावरच्या ब्राउझरमध्ये. थंडरबर्ड मला स्वतःला आवडते, जुने मेल शोधण्यासाठी ते मी अजून वापरते, पण प्रतिनिधी म्हणून मिळालेले खाते त्यात सरळ उघडत नाही. ज्यांचे खाते होस्टिंगवरच आयमॅपने राहणार आहे आणि वापरणारा माणूस एकच आहे, त्यांनी ते निःशंक घ्यावे. अँड्रॉइडवरही ते २०२४ च्या ऑक्टोबरअखेर आले आहे, पूर्वीच्या के-९ मेलचेच ते पुढचे रूप. वैयक्तिक वापरासाठी तर फोनबरोबर आलेले अॅप बहुतेकांना पुरते. फक्त ‘सर्व इनबॉक्स’ असे एकत्र दृश्य असते त्यात बसून नवा मेल लिहू नये, कारण तो अॅपने ठरवलेल्या मुख्य खात्यावरून जातो. एका परचेस मॅनेजरना माझे कोटेशन माझ्या कॉलेजच्या काळातील पत्त्यावरून गेले होते. तो पत्ता काय होता ते इथे सांगण्यासारखे नाही.

फोनवर मेल उशिरा दिसण्याचे कारण यापेक्षा साधे आहे. अनेक अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालणारी अॅप झोपवतात, म्हणून मेल अॅपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्यावी. आयफोनच्या स्वतःच्या मेल अॅपमध्ये जीमेल खाते जोडले तर मेल लगेच येत नाही, ठरावीक मिनिटांनी आणला जातो. तातडी हवी असेल तर तिथे जीमेलचेच अॅप घालावे.

होस्टिंगवरून वर्कस्पेसकडे आल्यानंतर आमची कोटेशने आठवडाभर गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये पडत होती, त्याचाही उलगडा इथे करते, कारण होस्टिंग बदलणारा प्रत्येक जण इथे ठेचकाळतो. डोमेनच्या नोंदींमध्ये एसपीएफ नावाची एक ओळ असते, जी सांगते की या डोमेनच्या नावाने मेल पाठवण्याचा अधिकार कोणाला आहे. आम्ही गूगलची नवी ओळ घातली आणि होस्टिंगची जुनी तशीच ठेवली. एका डोमेनला एसपीएफची ओळ एकच असावी लागते. दोन असल्या की तपासणीच फसते आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. जुनी काढली, मेल आपल्याच डोमेनचा आहे हे पटवणारी डीकेआयएम नावाची सही चालू केली, आणि मेल पुन्हा इनबॉक्सात पडू लागले. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्याकडून या दोहोंपैकी निदान एकाची अपेक्षा ठेवली आहे, त्यामुळे पूर्वी चालून जायचे ते आता जात नाही.

आपल्या भागातील एक अडचण कोणत्याही मदत-पानावर सापडणार नाही. मेल आपोआप लेबलात टाकण्यासाठी मी शहराच्या नावावरून नियम केले होते आणि ते अर्धेच चालत. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी दप्तरात शहराचे इंग्रजी स्पेलिंग ‘बेळगावी’ झाले, पण पुण्याचे ट्रान्सपोर्टवाले एलआरवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, अजून ‘बेलगम’ लिहितात, आमची मराठी पत्रे ‘बेळगाव’ लिहितात, आणि कन्नडमधून आलेल्या नोटिशीत नाव कन्नड लिपीत असते. निपाणीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कोणी एक पी लिहितो, कोणी दोन. शोध घेणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने हे सगळे वेगवेगळे शब्द आहेत. त्यामुळे नियम गावाच्या नावावर न बांधता पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर बांधावेत, आणि नाव वापरणे भागच असेल तर सर्व रूपे ‘किंवा’ने जोडून द्यावीत. श्रीलिपीत किंवा कन्नडसाठीच्या नुडीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर कोणत्याही अॅपमध्ये अगम्य चिन्हांसारखाच दिसणार. पाठवणाऱ्याकडून पीडीएफ मागवावी किंवा युनिकोडमध्ये टाइप करण्याची विनंती करावी, त्यासाठी अॅप बदलू नये.

मोफत जीमेल वापरणाऱ्यांनी जागेवरही लक्ष ठेवावे. १५ जीबी ही जागा मेल, ड्राइव्ह आणि फोटो यांना मिळून असते, अँड्रॉइडवरील व्हॉट्सॅपचा बॅकअपही आता तिच्यातच मोजला जातो, आणि ती भरली की नवे मेल पाठवणाऱ्याकडे परत जातात. मामेभावाच्या दुकानात नेमके हेच झाले होते. ट्रॅक्टरच्या जोडण्यांचे व्हिडिओ व्हॉट्सॅपवर येत राहिले आणि बंद पडला तो मेल. जोडपत्राची मर्यादा २५ एमबी असली तरी मेलमधून जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते, म्हणून १८ एमबीच्या वरची ड्रॉइंगची फाइल आम्ही ड्राइव्हच्या दुव्यानेच पाठवतो.

काकांच्या यंत्रावरचे आठ वर्षांचे मेल वर चढवण्याचे काम सध्या चालू आहे. त्याच आउटलुकमध्ये नवे खाते आयमॅपने जोडायचे आणि जुन्या फोल्डरमधील मेल महिन्या-महिन्याने नव्या फोल्डरमध्ये ओढायचे, इतकीच रीत आहे. मात्र वर्कस्पेसमध्ये आयमॅपने वर चढवण्याची मर्यादा दिवसाला ५०० एमबी आहे, आणि मध्येच वीज गेली तर काही मेल दुहेरी चढतात, म्हणून प्रत्येक महिन्याचा दोन्हीकडचा आकडा मी वहीत लिहून जुळवते. २०२१ पर्यंतचे चढले आहेत. आकडे शेवटपर्यंत जुळेपर्यंत जुने पॉप खाते त्या यंत्रावर तसेच राहील, मेल आणणे बंद करून, आणि त्याच्या मॉनिटरवर काकांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: ‘हात लावू नये.’